आत्तीला कुणी पोचवलं

“काकी गेली. माहेरचं पातळ घेऊन या. दुपारच्या आत उचलायचं हाय.” एवढं बोलून दिलीपनं फोन ठेवला. मी खानावळीत भाकरी थापत होते. हात पिठात, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. दिलीप म्हणजे आत्तीच्या थोरल्या दिराचा मुलगा, आणि आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, बायाक्का. आमच्या कोल्हापूरकडं आत्याला आत्तीच म्हणतात. खरं तर हा फोन तिच्या लेकीचा, मंगलचा यायला हवा होता. आला दिलीपचा, आणि त्याच्या आवाजात रडू नव्हतं, लगबग होती, लग्नघरच्या यजमानाची असते तशी. मनात म्हणलं, आत्ती, तू डोळे मिटलेस आणि यानं पहिला डाव टाकलासुद्धा.

त्याला आता काही महिने झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. लिहिते की. आत्ती तोंडानं फाटकी होती, हट्टी होती, कुणाचं कौतुक करताना तिची जीभ जड व्हायची. हुपरीला चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम तिनं हयातभर केलं. सकाळी चहा झाला की दारात पाट टाकून बसायची, मांडीवर फडकं, हातात चिमटा, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी टोचून बोलायची. नवी सून चालली की “ह्या पैंजणाचं घुंगरू मी जोडलंय, हळू चाल, तुटलं तर माझं नाव खराब हुतंय.” मी लग्नात रडायला लागले तर म्हणाली, “गप की गं, तुझ्या नवऱ्यानं रडायचं, तू कशापायी रडतीस?” तिच्यावर माझा फार जीव होता. हे ती असताना बोलले असते तर तिनं मला हाकललं असतं.

तिचा नवरा तरणाताठा गेला. मंगल तेव्हा पाळण्यात. घरात पैसा नव्हता, म्हणून तिरडीपासून उत्तरकार्याच्या जेवणापर्यंत सगळा खर्च थोरल्या दिरानं केला. केला, चांगलं केलं. पण त्या दिवसापासून त्या माणसाला एक वाक्य मिळालं. “तुझ्या नवऱ्याला मी पोचवलाय.” आत्तीनं शेतातला वाटा मागितला की हे वाक्य. मंगलला पुढं शिकवायचं म्हणाली की हे वाक्य. पाण्याच्या नळावरून जावांचं भांडण झालं तरी ओट्यावरून म्हातारा खाकरायचा आणि चारचौघांत तेच. त्याच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही, कारण भावकीत मयताचा खर्च करणारा माणूस देवाच्या खालोखाल. शेत गेलं, पुढची सोपा-खोली गेली, शेवटी मागची एक खोली तिच्याकडं राहिली, तीही नुसती तोंडी. कागद कशाचाच नाही. पुढं मंगलला नवऱ्यानं टाकलं, ती परत आली आणि दोघी मायलेकी त्या खोलीत घुंगरं जोडत राहिल्या. म्हातारा मेला तेव्हा आत्ती रडली नाही. “ह्यो गेला, पण वाक्य पोराला दिऊन गेला असंल,” म्हणाली.

मी उत्तरकार्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळं मरण काय भावानं पडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कोल्हापुरात सरणाला शेणी-लाकडं फुकट मिळतात, म्हणून आम्हाला वाटतं मरण स्वस्त. अहो, जाळायला काही लागत नाही, जेवायला लागतं! दवाखान्याचं बिल, गाडी, कापड, रक्षाविसर्जन, भटजी, मांडव, पावण्यांचे चहा, आणि मग ती पंगत. लग्नाच्या जेवणाचा भाव करायला माणसं माझ्याशी तासभर हुज्जत घालतात. मयताच्या जेवणाला कुणी हूं का चूं करत नाही, कारण मयताच्या खर्चात घासाघीस केली तर लोक काय म्हणतील? म्हणून जो खिशात आधी हात घालतो तो जिंकतो. घरची बाई रडत असते, तिला पाकीट कुठं ठेवलंय तेही आठवत नाही.

हे सगळं आत्तीला माझ्याआधी कळलं होतं. बचत गटाच्या बैठकीत एक विमावाला पोरगा आला. म्हणाला, थोडा थोडा हप्ता भरा, तुमच्या शेवटच्या खर्चाचा भार घरच्यांवर पडणार नाही. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, दोघी-तिघी उठून गेल्या, अभद्र बोलतोय म्हणून. आत्ती पुढं सरकली.

“मी मेल्याव पैसं कवा देतासा?”

“कागदं दिली की मिळत्यात, मावशी. मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार, बँकेचं पासबुक…”

“आणि तवर मला कुठं ठेवायचं? खोबरेल लावून उन्हात?”

पोरगा गोरामोरा झाला. पण आत्तीनं विमा काढला. वारस म्हणून मंगलचं नाव घातलं. घुंगरांचे पैसे आले की आधी हप्ता, मग किराणा. ताप आला तर गोळी घेत नव्हती, पण हप्ता चुकला नाही. मला म्हणाली, “सुनंदा, माझ्या मयताला दिलप्याचा एक रुपाया लागाय नको. लागला की मंगलची खोली गेली म्हणून समज.” तिला बाकी काहीच नको होतं. स्वर्ग नको, पुण्य नको. लेकीच्या डोक्यावर तेवढं ते वाक्य पडू नये.

पैसे उशिरा येणार हे तिला टोचत होतं. म्हणून तिनं एक अक्कल लढवली. मयताचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन सरळ म्हणाली, “माझं सामान बांधून ठेव, पैसं आत्ता घे.” दुकानदार काउंटरवरून उठला, हात जोडले, “आक्का, जित्या माणसाचं पैसं घेत न्हाय आम्ही. बरकत जाती. शंभर वर्षं जगा.” आचाऱ्याकडं गेली, तो म्हणाला, सुतकाच्या जेवणाला बयाणा घेत नसतात. भटजींनी कानांवर हात ठेवले. माझ्याकडं आली, मीही घेतले नाहीत, कोण घेणार? आमच्याकडं बारशाचा बयाणा चालतो, पोर पोटात असतानाच पेढेवाल्याला सांगून ठेवतात, पण जी गोष्ट नक्की घडणार तिचे पैसे आधी घेतले की अपशकुन. आत्ती माझ्या खानावळीच्या पायरीवर बसली आणि हसत सुटली. “शंभर वर्षं जगा म्हनत्यात मेले. जगायचं पैसं कोन देतंय?”

मग तिनं रोकड साठवली, डब्यात, मंगलच्या हवाली. आणि शेवटच्या आजारपणात मंगलनं ती दवाखान्यात घातली. आई जिवंत राहावी म्हणून. आता ह्याला चूक म्हणायचं का, सांगा! आत्तीला शुद्ध असती तर तिनं मंगलला चिमट्यानं हाणलं असतं.

पातळ घेऊन मी हुपरीला पोचले तर सगळं आटपत आलेलं. ताटी बांधलेली, गाडी दारात, हार आलेले. दिलीप घामाघूम होऊन सगळ्यांना सूचना देत होता. मी त्याला बाजूला घेतलं, “खर्च मी करते, मंगल मला नंतर देईल. विमा आहे आत्तीचा.” तो मुद्दाम मोठ्यानं बोलला, दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ताई, माहेरच्यांनी पातळ आणायचं. बाकीचं करायला आमची भावकी मेली न्हाय अजून!” माणसं मान हलवायला लागली. बरोबर बोलला, पोरगा गुणाचा. मंगल मडकं धरायला पुढं झाली तर त्यानं तिच्या हातातून काढून घेतलं. “पुतण्या जित्ता असताना पोरीनं मडकं धरायचं व्हय?” मंगलचे हात तसेच राहिले, पुढं केलेले. मी बोलले, पण माझं तोंड माहेरचं. त्या दारात त्याला किंमत पातळाएवढी.

उत्तरकार्याला त्यानं गाव जेवू घातलं. आत्तीला जिवंतपणी ज्यानं कधी चहा विचारला नाही, त्यानं तिच्या नावानं बुंदी, मसालेभात आणि दोन भाज्या केल्या. ऑर्डर मला दिली नाही, हे सांगायला नकोच. पंगत बसायच्या आधी हात जोडून म्हणाला, “चुलतीचं काय कमी पडू दिलं न्हाय. चुकलं-माकलं पोटात घाला.” म्हातारी माणसं गहिवरली. मी वाढपी बायकांत उभी होते. आयुष्यभर मी पंगती वाढल्यात, पण अन्न असं कुणाच्या गळ्यात फास घालायला वाढलेलं पहिल्यांदा बघितलं. जेवण चांगलं होतं, तेही सांगते. मेल्यानं आचारी चांगला बघितला होता.

विम्याचे पैसे आले, न कुरकुरता आले, फक्त उशिरा. मंगलनं ते बँकेतून काढले, मला बोलावलं, भावकीतली चार जाणती माणसं ओट्यावर बसवली आणि पिशवी दिलीपपुढं ठेवली. “दादा, आईच्या मयताचा खर्च. आईनं भरून ठिवलाय. घे.”

मला वाटलं, घेईल. पैशाला कोण सोडतं! पण तो बापाचा पोरगा. त्यानं पिशवी दोन बोटांनी मागं सरकवली. “घरातल्या माणसाला पोचवायचं पैसं घिऊ? पाप लागंल मंगल. ठेव तुला.” चारही जाणत्यांच्या डोळ्यांत पाणी. एक म्हणाला, “असा पुतण्या नशिबानं मिळतोय, पोरी.” मंगल “घे की रं, घे” म्हणत पिशवी पुढं ढकलत होती, तिचा आवाज चिरकत होता, आणि त्या माणसांना ती उर्मट वाटत होती. त्यानं पैसे घेतले असते तर हिशेब मिटला असता. तेच त्याला नको होतं. मी म्हणाले, “दिलीप, तू तिला विकत घेतोयस, खोलीसकट.” तर जाणते माझ्यावरच चिडले, माहेरच्या माणसांनी घर फोडू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात त्यानं मंगलला सांगितलं की मागच्या खोलीत पॉलिशची मशीन बसवायची आहे. ती जाणत्यांकडं गेली. ते म्हणाले, “त्यानं तुझ्या आईला पोचवलंय पोरी, त्याच्या तोंडावर कसं बोलायचं?”

म्हणून मयताचा विमा काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. विमा चांगला, जरूर काढा. पण मयताच्या दिवशी ज्याच्या हातात पैसा, त्याचंच मयत. विम्याचा पैसा वाट बघायला लावतो, भावकी वाट बघत नाही. आत्तीच्या विम्यातून शेवटी काय झालं? मंगलनं कबनूरला भाड्यानं खोली घेतली, तिचं डिपॉझिट भरलं. लेकीचं घर सुटू नये म्हणून आईनं पोटाला चिमटा घेऊन जो पैसा भरला, त्याच पैशानं लेकीनं घर सोडलं.

परवा मंगलची राहिलेली भांडी आणायला आम्ही दोघी हुपरीला गेलो होतो. मागच्या खोलीत मशीन लागली आहे. तिच्या वरच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, आत्तीचा मोठा फोटो. सोनेरी चौकट, चंदनाचा हार, खाली बारका लाल दिवा. माल घ्यायला आलेल्या पावण्यांना दिलीप दाखवत होता, “आमची काकी. सगळं मीच केलं.” फोटोतली आत्ती समोर बघत होती, ओठ आवळून, आता काहीतरी बोलेल अशी. मंगलकडं आईचा फोटो नाही. ती म्हणाली, “दादा, एवढा फोटो नेऊ दे की मला.”

“तेवढं सोडून माग, मंगल,” दिलीप म्हणाला. अगदी मायेनं. “चौकट माझ्या पैशाची हाय.”

मी पाय उचलला होता, खोटं कशाला बोलू, तो फोटो उतरवून त्याच्या डोक्यात घालायला. मंगलनं माझा दंड धरला. आईकडं एकदा बघितलं, भांड्यांचं पोतं उचललं आणि चपला घातल्या.

“असू दे ताई,” म्हणाली. “आईला तरी खोली मिळाली.”