समोरचा कारखाना

लिंबायतला आमच्या गल्लीत कापडाचे दोन कारखाने समोरासमोर होते. त्यातल्या एकात मी लूम चालवायचो. दोन्ही सेठ एकमेकांच्या वाईटावर, आणि आमचं सगळं बळ त्या भांडणातच होतं. आमचा सेठ मजुरी वाढवत नसला की आम्ही एवढंच म्हणायचो, "समोर जातो." आठवडाभरात मजुरी वाढायची.

मग आमच्या सेठच्या मुलाचं समोरच्या सेठच्या मुलीशी लग्न ठरलं. भांडण मिटलं म्हणून आम्हाला कोण आनंद! वरातीत बँडपुढे आम्ही कामासाठी आलेली खानदेशी पोरं पाय सुजेपर्यंत नाचलो. प्रत्येकाला मिठाईचा डबा मिळाला, तो मी मिरवत घरी आणला.

दिवाळीनंतर मजुरीवरून पुन्हा वाजलं. सवयीने मी समोर गेलो. तिथल्या सेठने कधी नाही ते खुर्ची दिली, चहा पाजला आणि गोड आवाजात म्हणाला, "अरे भाई, तू तर माझ्या व्याह्यांचा माणूस. तुला ठेवून घेतलं तर मुलीच्या सासरी काय तोंड दाखवू?"

गल्ली ओलांडून परत येईपर्यंत आमच्या सेठला फोन पोहोचला होता. त्याने विचारलं, "झाला चहा?" मी मान खाली घालून लूमवर उभा राहिलो.

पुढे काम शोधत पार सचिन गावातल्या कारखान्यांपर्यंत फिरलो. पण कुठेही गेलो तरी आधी मजुरी नाही विचारायचो. सेठच्या मुली कुठे दिल्यात, ते विचारायचो.