उरलेल्यांची सोयरीक

"मेले ते मला दाखवू नको. उरले ते आण."

चष्मा कपाळावर सारून ते हे वाक्य टाकायचे, आणि आंब्याच्या मोहोरावरचे मेलेले तुडतुडे पिशवीत भरून मोठ्या कौतुकाने आणणारा बागायतदार तोंड पाडून उभा राहायचा. रत्नागिरीच्या बाजारात त्यांचं कीडनाशकांचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं. औषध विकणाराच गिऱ्हाइकाला 'यंदा हे मारू नको' म्हणतोय, असा दुकानदार तुम्ही पाहिलाय कधी? मी रोज पाहायचे आणि कपाळाला हात लावायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "वहिनी, दरवर्षी एकच औषध मारलं की बहुतेक तुडतुडे मरतात. ज्या थोड्यांच्या अंगातच ते पचवायची ताकद असते, ते उरतात. मग लग्नं कुणाची लागणार? त्यांचीच. पोरं कुणावर जाणार?"

"म्हणजे घराण्याचं नाव काढणार," मी म्हणायचे.

"काढलंय ना! ह्यांच्या आज्याचे भाऊबंद ज्या औषधाने मेले, त्यात हे आंघोळी करतायत."

त्यावर त्यांचा उपाय होता. औषध आलटूनपालटून वापरायचं आणि बागेची एक कड बिनफवारणीची सोडायची. तिथले नरम तुडतुडे जगतील, चिवटांशी त्यांची सोयरीक होईल, पुढची पिढी एवढी निर्ढावलेली निपजणार नाही. स्वतःच्या बागेत गडग्याच्या दगडी कुंपणालगतची कलमं त्यांनी तशी सोडली होती. त्यांना आंबा बेताचाच धरायचा. "धरू दे की बेताचा. औषधाला जरा मान राहील," म्हणायचे.

तुम्हाला वाटेल, लोकांनी ऐकलं असेल. ऐकतायत कसले डोंबल! समोरच्या नव्या दुकानात तीन औषधं एकाच टाकीत ढवळायला सांगत, रांग तिकडे. वर ज्याच्या बागेत कीड दिसे, तो ह्यांच्या गडग्याकडे बोट दाखवी. "मेला कीड पाळतोय आणि आम्हाला शिकवतोय." नुसत्या गप्पांना येणारेही यायचे बंद झाले. हे मात्र रोज दुकान उघडून बसत, भिंगातून जिवंत तुडतुडे बघत. मला संताप यायचा तो त्यांच्या ह्या शांतपणाचा.

एका वर्षी ऐन मोहोरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. परत आल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले, तर ते काठी घेऊन बागेतच निघालेले. मीही मागोमाग गेले. बागेत त्यांचा धाकटा भाऊ होता, तो हौसेने पुढे आला.

"दादा, आता कसली काळजी करू नको. तुझी गडग्याकडची कलमंपण फवारून घेतली. तिन्ही औषधं एकत्र. शेजारच्या सगळ्यांनी मिळून केलं हो, तुझ्यासाठी."

त्यांनी काठी झाडाला टेकवली. रुमाल मोहोराखाली धरला आणि फांदी हलवली. चार-दोन तुडतुडे रुमालावर पडले आणि टुणकन उडून गेले.

"नरम होते ते संपले, वहिनी," ते म्हणाले. "आता ह्यांची आपसातच लग्नं." आणि तिथेच एका चिऱ्यावर बसून रडायला लागले. हसणं सोडून त्या माणसाचं दुसरं काही मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ऑपरेशननंतर मन हळवं होतं हो." त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

पाऊस लागायच्या आधीच ते गेले.

गणपतीनंतर बागायतदारांची सभा झाली. सभेची पत्रकं माझ्याकडेच काढली होती, म्हणून मलाही मागे एक खुर्ची मिळाली. आधी श्रद्धांजली. "अभ्यासू माणूस, भला माणूस," अध्यक्ष म्हणाले. सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि मग खुर्च्या ओढून बसले. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. यंदा साऱ्या बागांनी एकाच दिवशी, एकच औषध मारायचं, एकही कलम न सोडता. मंजूर असेल त्यांनी हात वर करावा.

पहिला हात धाकट्या भावाचा होता. "दादाच्या आठवणीसाठी," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.