बेगमचं उष्टं

दुपारची नमाज झाली की हमीदचाचा भट्टीमागच्या कोपऱ्यात जायचा, मातीच्या मडक्यावरचं फडकं बाजूला सारायचा आणि मडक्याच्या तोंडाला कान लावायचा. त्या वेळी दुकानात कोणी बोललेलं त्याला खपत नसे. गिऱ्हाईक असो की सोयरा, हात वर करून तो सगळ्यांना गप्प करी. मग त्याचा चेहरा उजळायचा. "ऐक, मडकं बोली राह्यनं," तो म्हणायचा. मडक्यात आंबवलेलं पीठ असे, पावाचं खमीर. त्यातले बुडबुडे फुटत आणि बारीक चुरचुर होई. पहिल्यांदा मी कान लावला तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. "कालेजवालास्नी तुना कान भरी दिधात," असं म्हणत त्याने माझी मानगूट धरली आणि डोकं पुन्हा मडक्यावर वाकवलं.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात होतो. रावेरकडच्या आमच्या खेड्यात सगळे केळीवाले. आमच्या घरात सहीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. माझ्या खोलीची आणि चाचाच्या भट्टीची भिंत एकच होती. थंडीत मी त्या भिंतीला पाठ लावून वाचत बसे. सकाळी चहाबरोबर त्याचे दोन पाव, कधी रात्रीही तेच. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि हा बी.ए. पावावर झाला. ज्याला लाज वाटत असेल त्याला वाटो, मला वाटत नाही.

चाचाच्या अंगाला शिंदीचा वास यायचा, आणि जन्मात त्याने तिचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. शिंदीच्या झाडाचा रस सकाळी गोड असतो, ऊन चढेल तसा आंबतो आणि माणसाला चढतो. शिंदीवाला वरची निवळ पिणाऱ्यांना विकायचा. तळाशी पांढरा दाट गाळ उरायचा, तो कोणालाच नको असे. चाचा तो आणायचा. त्यावर खमीर पोसायचं, खमिरावर पाव फुगायचा. फडक्यातून गाळून राहिलेला चोथा कोंड्यात कालवला की तो बेगमचा. बेगम ही चाचाची बकरी, पांढरी, एका शिंगाची आणि महा नखरेल. तिच्या गव्हाणीत रोज सकाळी आंबलेल्या पिठाचा एक गोळाही पडे. अर्धा ती खायची, उरलेला दिवसभर पायाखाली तुडवत पुरवून पुरवून चाखायची. ईदला चाची त्याच खमिराचे मालपुवे करी. पहिला मालपुवा बेगमला, दुसरा मला.

यावरून चाचाला दोन्हीकडून बोल लागत. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणत, "हमीद, तुझ्या पावात नशा आहे." चाचा भट्टीचं झाकण उघडून त्यांना धग दाखवायचा. "ह्या आगमा काय ऱ्हास? आगले इचारा." बाजारपेठेतले लोक म्हणत, पाव खाल्ला की माणूस बाटतो. त्यांना तो म्हणे, "मी धाकलपनपासून पावच खास. बाटीसन कोठे जाऊ, ते तरी सांगा!"

माझे वडील, आबा, याच मताचे. मला कॉलेजात सोडताना त्यांनी एकच ताकीद दिली होती. "नापास झाला तरी चालीन, पन त्या पावाले तोंड लावू नको." मी नापास झालो नाही.

चाचा मूळचा धुळ्याचा. बाप वारल्यावर भावाभावांत वाटणी झाली. घर आणि दुकान त्याने भावांना सोडलं आणि बापाच्या खमिराचं मडकं मागून घेतलं. भाऊ हसले. चाळीसगावला गाडी बदलताना हमालाने मडक्याला हात लावला, तर चाचा त्याच्या अंगावर धावून गेला होता. जळगावला त्याची जी काही इस्टेट होती ती त्या मडक्यात होती.

मग दारूबंदी आली. शिंदीची झाडं छेदायला मनाई झाली आणि शिंदीवाला मुलखाला निघून गेला. गावातल्या दुसऱ्या बेकरीवाल्यांनी मुंबईहून पाव फुगवायची पावडर मागवली. चाचाने नाही. "पावडर बोलत नही," तो म्हणाला. नवी शिंदी त्याने चोरूनसुद्धा आणली नाही. जुन्या खमिरालाच तो पीठ आणि गुळाचं पाणी घालून जगवू लागला. पण वासाला कायदा कळत नाही. गल्लीतून आंबूस वास जायचा तो जातच राहिला आणि कोणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं.

एका दुपारी जमादार दोन शिपाई घेऊन आला. गल्ली गोळा झाली. मी पुस्तक खाली ठेवून बाहेर आलो.

"हमीद, शिंदी कुठं दडवलीस?"

"मना पोटमा नही, ते पक्कं."

"वास येतोय इथवर!"

"मग वासले बेडी घाल."

"पितोस ना रोज?"

"मी पेत नही, पाव पेस. पावले धर!"

गल्ली खदखदून हसली आणि तिथेच बिघडलं. जमादाराचे कान लाल झाले. शिपायांनी पोती उपसली, लाकडं हलवली, बेगमला ढकलून तिच्यामागचं गवतसुद्धा चाळलं. सापडलं ते कोपऱ्यातलं मडकं. जमादार माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले दिसता. पंच म्हणून सही करा. मडक्यात दारू सापडली."

मी मडक्यात बोट घातलं आणि सगळ्यांसमोर चाटलं. "हे पीठ आहे. पीठ सापडलं असं लिहा, एक सोडून दोन सह्या करतो."

"तुमच्या कॉलेजात तक्रार जाईल."

"जाऊ द्या. सोबत दोन पाव पण पाठवा."

त्याने लिहिलं काहीच नाही. पण हसू त्याला पचलं नव्हतं. "गुन्हा सोडला, वास सोडणार नाही," असं म्हणून त्याने शिपायाला खूण केली. शिपायाने मडकं उचलून गटारीवर नेलं आणि उपडं केलं. वर काठीने फोडलं.

चाचाच्या बापाचं खमीर गटारीतून वाहत होतं. चाची दाराला धरून उभी होती. चाचा ओरडला नाही. फक्त म्हणाला, "बठ्ठं सारं सांडनं ना? मग आते जा."

ते गेले. मला वाटलं हा आता मटकन खाली बसेल. तो एकदम अंगणाकडे धावला. मी मागोमाग गेलो. बेगम गव्हाणीत तोंड घालून उभी होती आणि तिच्या ओठांत सकाळच्या गोळ्याचा तुकडा लोंबत होता. चाचाने गव्हाणीत दोन्ही हात घातले. बेगमने त्याच्या छातीत शिंग मारलं. "बेगम, सोड वं! तुना पाया पडस, सोड!" जमादारापुढे न वाकलेला माणूस बकरीपुढे गुडघ्यावर बसून गयावया करत होता. शेवटी चाचीने पाल्याची डहाळी दाखवली तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. कोंडा लागलेला, चावलेला, ओला, लिंबाएवढा गोळा चाचाच्या ओंजळीत आला.

त्याच गोळ्याला नव्या मडक्यात पीठ मिळालं, गुळाचं पाणी मिळालं. आधी पाव म्हणजे नुसते दगड निघाले. चाचाने एक बेगमपुढे टाकला, तिने हुंगला आणि पाठ फिरवली. पण चाचा रोज कान लावत राहिला. एका दुपारी त्याने हात वर केला. "बोली राह्यनं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मी ते पाहिलेच नाहीत असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पाव जुन्यासारखे फुगले. लोक दाराशी आले, तर चाचा फळीवर उभा राहून सांगू लागला, "आधी ऐकी ल्या! हाई बेगमनं उष्टं शे. लेवानं व्हई त ल्या, नही त रस्ता धरा!"

मी त्याला आत ओढलं. "चाचा, सांगायचं कशाला? कोणाला कळणार आहे?"

"माले कळी गयं ना," तो म्हणाला आणि पुन्हा बाहेर जाऊन तेच ओरडला.

लोकांनी रस्ता धरला. पाटीभर पाव तसेच राहिले. नेमके त्याच सकाळी आबा आले, खांद्यावर केळीचा घड, हातात तुपाचा डबा. मी ओट्यावर चहात पाव बुडवत बसलो होतो. लपवायला वेळ होता. मी लपवला नाही.

"काहून रे," आबांचा आवाज चढला, "हे काय खाऊन राह्यला? शिंदीतलं? माह्या जिवंतपनी बाटला तू?"

माझ्याआधी चाचाच बोलला. "नही आबा. शिंदी बठ्ठी सरकारनी गटारमा टाकी दिधी. आते हाई बकरीनं उष्टं शे." आणि त्याने सगळी हकिकत सांगितली, शिंग लागलं ती छातीसुद्धा उघडून दाखवली.

आबा ऐकत राहिले. मग त्यांनी घड खाली ठेवला आणि पाटीकडे पाहिलं. "म्हंजे दारूचं नाही?"

"नही."

"निस्तं बकरीचं उष्टं?"

"खुदानी कसम."

"मंग काहून नाही सांगत रे!" आबा माझ्यावरच डाफरले. "बकरीचं उष्टं त आमी रोज खातो. मेथीच्या वाफ्यात शिरते, तिनं सोडली तेच भाजी घरी येते. बकरीनं कोनी बाटते का? आन एक इकडं!"

आणि माझ्या बापाने, जळगावच्या भर गल्लीत, मांडी घालून, आयुष्यातला पहिला पाव खाल्ला. केळं कुस्करून, तूप घालून. एवढ्या मोठ्याने "अजून एक दे" म्हणाले की रस्ता धरलेले लोक परत फिरले. तासाभरात पाटी रिकामी झाली.

तेव्हापासून चाचाने एक नेम धरला. मडक्यातला पहिला गोळा गव्हाणीत, मग भट्टी. कोणी कारण विचारलं की म्हणायचा, "सरकार मानूसना घरमा येस, बकरीना गव्हाणमा येत नही."

पुढे मी बी.ए. झालो आणि धुळ्याला देवपुरात मास्तर म्हणून लागलो. काही वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा जनाजा निघत होता. कबरस्तानातून परतलो तर दुकानात माणसं दाटीने बसली होती. एक नातेवाईक सांगत होते की घरात मयत झाली आहे, इतक्यात भट्टी पेटवू नये, मडकंबिडकं आता काढून टाकावं, दुकान सांभाळणारी पोरं पावडर आणतील.

चाची उठली. मडक्यातून एक गोळा काढून ती अंगणात गेली. गव्हाणीवर आता बेगमची नात होती, तिच्यापुढे तो गोळा ठेवून चाची परत आली. "घरना मालक मरनात," ती म्हणाली. "खमीर थोडंच मरनं?"

मग माझ्याकडे पाहून तिने मडक्यावरचं फडकं बाजूला केलं. मी वाकलो, कान लावला. लोकांच्या कुजबुजीत काही ऐकू येईना. मी हात वर केला.

सगळे गप्प झाले. मडकं बोलत होतं.