उसातलं रानडुक्कर

सांगलीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती बाई एकदाच आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पर्समधून फ्लॉपी काढून ती सरांना म्हणाली, "गेम केलाय. एकटीनं. बघता का?"

सरांनी फ्लॉपी घातली आणि पडदाभर ऊस उभा राहिला. खेळणाऱ्याला स्वतःच्या हातातला कोयता तेवढा दिसायचा, कारण फडात तोच शिरलेला असायचा. पाचट सळसळायचं आणि कुठूनतरी रानडुक्कर अंगावर यायचं. चहा निवायच्या आत गेम संपायचा.

"छान आहे, पण फारच छोटा," सर म्हणाले. कुणाला रंग फिके वाटले, कुणाला डुक्कर कुत्र्यासारखं. ती फ्लॉपीचं रिकामं कव्हर बोटांत फिरवत सगळ्यांचं ऐकत होती.

"मोठा का नाही केलात?" मी विचारलं.

"माणूस तेवढाच वेळ नीट भितो," ती म्हणाली. "पुढं सवय होते."

मुलीला न्यायला आलेले एक शेतकरी दारात उभे होते. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, कुठली बटणं दाबायची ते दाखवलं. ते सावकाश उसात शिरले. सळसळ झाली, तसं त्यांनी पडदा सोडून गर्रकन मागं पाहिलं.

"आवं बाई, मागनं आलं न्हवं ते!"

मागे नुसती भिंत होती. ती पहिल्यांदाच हसली, अगदी मनापासून. सर मात्र हसले नाहीत. तेही त्या भिंतीकडेच बघत होते, आणि मीही.