पेपरात नसलेली ओळ

मी सरकारला आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्यातल्या बहुतेक खालच्या आवाजात. लोकल बोर्डाच्या शाळेचा मास्तर दुसरं काय करणार? पगार सरकारी, खुर्ची सरकारी, भिंतीवरची राजाची तसबीरसुद्धा सरकारी. शाळेत मुलांकडून त्या राजाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणून घ्यायची आणि घरी येऊन चुलीपुढं त्याच्याच प्रधानांची सालटी काढायची, असा माझा नेम होता. बायको म्हणायची, "भिंतींना कान असतात." मी म्हणायचो, "कुडाच्या भिंतीला कसले आलेत कान?" पण म्हणताना आवाज आपोआप उतरायचा. खरं सांगायचं तर मी भित्रा माणूस. अजूनही तसाच आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत माझी नेमणूक मळवली स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात होती. शाळेच्या पायरीवरून आगगाडी दिसायची. गोऱ्या सोजिरांनी भरलेल्या गाड्या घाटातून वर यायच्या आणि पुण्याकडे जायच्या. रॉकेल मिळेना, काड्यापेटी मिळेना, बाजारात सुटे पैसे मिळेनात. देहूरोडकडं लष्करानं लोकांच्या जमिनी घेतल्या, तिथले पाहुणे गावात येऊन रडून जायचे. भाताची लेव्ही तर मानगुटीवरच बसली होती. शेतकऱ्यानं आंबेमोहोर पिकवायचा, तो सरकारनं ठरवलेल्या भावानं सरकारला घालायचा आणि रेशनच्या दुकानातून किडका तांदूळ आणून खायचा. संताप यायचा, पण बोलायची सोय नव्हती. पांढरी टोपी घालून शाळेत आला म्हणून एका मास्तरला घरी बसवल्याचं आम्ही ऐकून होतो.

लोणावळ्याला भुशीच्या वाटेवर एका शेटजींचा बंगला होता. तिथला माळी आमच्या गावचा. शेटजींचं वाचून झालेलं वर्तमानपत्र तो दर शनिवारी घरी येताना घेऊन यायचा. बातम्या चार दिवसांच्या शिळ्या असायच्या, पण गाव वाट बघायचा. दिवस मावळायच्या आत सगळे देवळात जमायचे आणि मी वाचून दाखवायचो, कारण मोठ्या माणसांत सलग वाचता येणारा मी एकटाच.

इथंच मला एक खोड लागली. पेपरात असायचं, "सरकार या प्रश्नाचा विचार करीत आहे." मी ते वाचायचो आणि त्याच दमात, त्याच आवाजात पुढं घालायचो, "गेली दोनशे वर्षं सरकार विचारच करीत आहे, कृती फक्त वसुलीच्या वेळी होते." लोक मांडीवर थाप मारायचे. "आज पेपर लय तिखट हाय!" मी चढून जायचो. जे मला माझ्या तोंडानं बोलायचं धाडस नव्हतं, ते मी पेपराच्या तोंडी घालत होतो. असलं छापणारा दुसऱ्या दिवशी तुरुंगात गेला असता, हे मला ठाऊक होतं. ऐकणाऱ्यांना नव्हतं. त्यांच्या लेखी पेपर म्हणजे तलाठ्याच्या दप्तरासारखाच कागद. सरकारला मंजूर नसलेलं कोण छापेल?

अगदी पुढं, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून एक आबा बसायचे. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा पलटणीत, समुद्रापार कुठंतरी. त्या मुलाची पत्रंही मीच वाचायचो. पत्रांवर वरच्या साहेबांनी जागोजागी काळी शाई फिरवलेली असायची. आबा माझ्या तोंडाकडं असे बघत राहायचे की काळ्या पट्टीपाशी थांबणं मला जमायचं नाही. मी मनचंच काहीतरी वाचून मोकळा व्हायचो.

त्या शनिवारी पेपरात विलायतेतल्या कुणा मंत्र्याचं पार्लमेंटातलं भाषण होतं. हिंदुस्थानात धान्य पुष्कळ आहे, लोकच दडवून ठेवतात, असा त्याचा अर्थ. बंगालात माणसं रस्त्यावर मरत होती आणि हा तिकडं बसून आमच्या कणग्या मोजत होता. माझं डोकं फिरलं. मी वाचल्यासारखं वाचलं, "तरी शेतकऱ्यांनी आपल्या पोटापुरतं भात खुशाल झाकून ठेवावं आणि मागायला येईल त्याला पेंढा दाखवावा." त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे गप्प होऊन ऐकत होते. मला वाटलं, काय रंग भरला!

दहा-बारा दिवसांनी तलाठी आणि शिपाई लेव्हीला आले. आबांनी मागितलं तेवढं घातलं नव्हतं. तलाठ्यानं विचारलं, "भात संपलं का?" दुसरा कुणी असता तर देवाची शपथ घेऊन संपलं म्हणाला असता. आबा सरळ म्हणाले, "संपंल कसं? हाय की. गंजीत झाकून ठिवलंय. पेपरात छापून आलंय तसं." शिपायानं गंजी उपसली. पेंढ्याखाली तीन पोती निघाली. ती चावडीत गेली आणि आबाही गेले. जाताना ते लोकांना म्हणत होते, "भ्यायचं काय त्यात? मास्तरला इचारा, त्यांच्याकडं कागद हाय."

ही हकीकत मला शाळेत, पाढे चालू असताना कळली. पोरं पाढे म्हणत होती आणि मला एकही आकडा ऐकू येत नव्हता. सरकारविरुद्ध लोकांना चिथावणी, तीही सरकारी मास्तरकडून. नोकरी तर गेलीच, वर तुरुंग. बायकोला सातवा महिना होता. घरी आलो तर ती म्हणाली, "तो पेपर आधी चुलीत घाला."

मी पेपर काढला. चुलीपाशी नेला, आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की हा जाळायचा नाही. यात तसलं काहीच छापलेलं नाही. हाच मला वाचवणार. आणि हाच आबांना बुडवणार, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. मी पेपर नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. त्या घडीची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. चावडी शाळेपासून शंभर पावलांवर, पण मी वाटेत आडावर थांबून पाणी प्यालो. तालुक्याच्या गावाहून फौजदार आला होता. खांबाशी आबा उकिडवे बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलं बगा मास्तर," ते फौजदाराला म्हणाले, "आता वाचून दाखिवत्याल."

मी वाचून दाखवलं. जेवढं छापलं होतं तेवढंच, अक्षर न् अक्षर. मंत्र्याचं भाषण संपलं आणि त्याच्याखाली लगेच सोन्याचा भाव सुरू झाला. फौजदारानं पेपर हातात घेऊन स्वतः बघितला.

"यात कुठं आहे रे, म्हाताऱ्या? भात लपवायला तुला कुणी सांगितलं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली, त्यांच्या पायांकडं पाहत होतो. टाचांच्या भेगांत शेण सुकलं होतं. बोल, मी सांगितलं म्हण, असं मी स्वतःला सांगत होतो. तोंड उघडलंही. पण नजर फौजदाराच्या पट्ट्यावर गेली आणि ते तसंच मिटलं.

"म्याच चुकलो, सायेब," आबा म्हणाले. "कान गेल्यात माझं. मास्तरनं दुसरंच कायतरी वाचलं आसंल."

फौजदारानं त्यांना तीन दिवस बसवून ठेवलं. पोती जप्त झाली ती झालीच, त्यात बियाण्याचं भातही गेलं. मला फौजदार म्हणाला, "मास्तर, अशा अडाण्यांना वाचून दाखवताना जपून." मी मान डोलावली. घरी आलो तेव्हा सुटलो म्हणून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जेवण गेलं नाही.

पुढचे दोन शनिवार मी फक्त छापलेलं वाचलं. लोक जांभया देत उठून गेले. आबा आलेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात सकाळी ते घरी आले. त्यांना दारात पाहून मला फौजदाराला पाहून वाटली नव्हती एवढी भीती वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून पत्रांचं पुडकं काढून माझ्यापुढं ठेवलं.

"पोराची पत्रं हायती. पयल्यापासून वाचा. लिव्हलंय तेवढंच वाचायचं, मास्तर."

मी तेवढंच वाचलं. सहा पत्रं होती. खुशाल आहे, काळजी नसावी, जेवण बरं आहे. मधे काळ्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीपाशी मी थांबत होतो आणि सांगत होतो, "इथं काळं आहे, आबा." शेवटचं पत्र तर चार ओळींत संपलं.

"आन नव्या भाताला येतो म्हणाला व्हता, ते कुटं हाय?"

मी पत्रातल्या दोन ओळींच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं. पण तसं लिहिलेलं नाही. ते मीच..."

"मंग त्याच्याखाली काय हाय?"

"ठाऊक नाही."

आबांनी बोटानं ती पट्टी चोळून पाहिली. मग म्हणाले, "भात म्या त्याच्यासाठीच ठिवलं व्हतं. रेशनचा तांदूळ त्याला कसा घालायचा? द्यायचं का ठिवायचं, ह्याच्यात व्हतो. पेपरात आलं म्हून धीर झाला." त्यांनी पत्रं गोळा केली. मी क्षमा मागितली, पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. "माझ्या बऱ्याकरता वाचलं तुमी," ते म्हणाले, "पर तसं नगा वाचू."

दिवाळीनंतर पत्र आलं. डाकवाला बांधावरून येताना दिसला. आबा मागोमाग आले आणि नेहमीसारखे गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी पत्र उलगडलं. अक्षर मुलाचंच होतं, तेवढ्यानंच मला हायसं वाटलं. खुशाल असल्याची एक ओळ, आणि तिच्याखाली वीतभर काळं. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. जिभेवर दहा वाक्यं आली. मी ती गिळली.

"इथं काळं आहे, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "म्होरं वाचा."