राक्षसाशी बोलायचा खेळ

नारपोलीच्या आमच्या घरात तळमजल्यावर दादाचे कापडाचे यंत्रमाग आहेत, वर आम्ही राहतो. वडिलांनीच तशी वाटणी केली. विकायचं तर दोघांची सही लागते, म्हणून दोघेही तिथेच. माग चालू असले की लादी थरथरते, कपातल्या चहावर बारीक लाटा उठतात. मुलीचं बारावीचं वर्ष होतं. परीक्षेपर्यंत रात्रपाळी बंद ठेव, एवढंच दादाला सांगायचं होतं. मागे एकदा सांगितलं, तेव्हा त्याने उत्तरच दिलं नव्हतं.

अभ्यास जमेनासा झाला की मुलगी कॉम्प्युटरवर एक खेळ लावायची. त्यात राक्षस वाट अडवतात. त्यांना मारता येतं, नाहीतर त्यांच्याशी बोलता येतं. एकदा तिने मला बसवलं. मी सरळ मारलं. वाट मोकळी झाली, पण तिचा चेहरा पडला. तिने खेळ पहिल्यापासून लावला.

"बोलून बघा ना, बाबा."

बोललो. राक्षस गप्प. पुन्हा बोललो, तरी गप्प.

"किती वेळा बोलायचं?"

"ते आधी कळत नाही."

मला ते पटलं नाही. मला आकडा लागतो.

शुक्रवारी माग बंद असतात. वरची फोडणीसुद्धा खाली ऐकू जाते, म्हणून आमच्याकडे नाजूक बोलणी शनिवारवर टाकतात. तरी त्या शुक्रवारी मी खाली गेलो. दादा पाठमोरा बसला होता. मी दारातूनच सगळं सांगितलं. तो हलला नाही. पुन्हा सांगितलं. रागाने निघणार, तेवढ्यात तो वळला.

"काय रं, कधी आलास?"

तेव्हा उमगलं, त्याला ऐकूच गेलं नव्हतं. मागांच्या आवाजात आम्ही सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतो. शुक्रवारी ते विसरतो. मागच्या वेळीही शुक्रवारच होता. मी त्याच्या समोर बसून परत सांगितलं. त्याने कान चोळला.

"लूम बंद पडले का माझ्या कानात शिट्टी वाजते. सकाळपासून वाजतेय. मला एक शुक्रवार निघत न्हाय, आणि तू रोजची रात्र शुक्रवारसारखी काढ म्हणतोस."

 तसाच वर आलो आणि मुलीला सगळं सांगितलं. 

शनिवारी सकाळी माग सुरू झाले. चहावर लाटा आल्या. मुलगी समोरून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

"पुन्हा बोला."

नवं काय सांगणार, ठाऊक नव्हतं. चहा तसाच ठेवून जिना उतरलो.