सोप्यावर बसल्या सासूबाई

बायांनो, हे सांगितल्याशिवाय मला आज झोप येणार नाही!

बायकांनी स्वतःच्या संसाराबद्दल लिहिलेलं एक पुस्तक मी सासूबाईंना दिलं होतं. इतके दिवस त्या ते स्वयंपाकघरात, कुकरपाशी उभ्या राहून वाचायच्या. दारासमोरचा सोपा म्हणजे सासऱ्यांची पेपर वाचायची जागा ना! आज संध्याकाळी मात्र त्या पुस्तक घेऊन सरळ तिथेच बसल्या.

तेवढ्यात पाववाल्या पोदेराचा पोंपों वाजला. रोज सासूबाईच धावतात.

"अगो, पोदेर इलो!" सासरे म्हणाले.

"मी वाचतंय. तुमी जावा."

आणि सासरे गेले! पाव घेऊन आले, वर विचारलं, "च्या करू?"

सासूबाईंनी पान उलटलं. "साखर कमी घाला."

तुमच्याकडे पोदेर आला की कोण उठतं?